एबीसी नेमके कोणाचे?

वाद सुरू झाला तो एका निरोपावरून. आमच्या शनिवारातल्या कट्ट्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा नियमित येतो. त्या संध्याकाळी त्याने गटावर लिहिले, ‘एबीसीत आहे, जुनी पुस्तके चालतील का?’ नानांचे जावई मेलबर्नहून आलेले होते आणि नानांच्या शेजारी बसून तोच निरोप वाचत होते. त्यांनी अत्यंत आदराने विचारले, ‘हा मुलगा वाहिनीत नोकरीला आहे का?’

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या माणसाला एबीसी म्हणजे तिथली सार्वजनिक प्रसारणसंस्था, आणि पुण्यातल्या विद्यार्थ्याला एबीसी म्हणजे पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक, एवढे सांगून विषय संपायला हवा होता; परंतु कट्ट्यावर वकीलसाहेब हजर असताना कोणताही विषय एवढ्यावर संपत नाही. ‘मग खरे एबीसी कोणते?’ असा प्रश्न त्यांनी टाकला आणि स्वतःच अमेरिकेच्या बाजूने उभे राहिले. जगात कुठेही एबीसी म्हटले की प्रथम अमेरिकन वाहिनीच डोळ्यांसमोर येते, तेव्हा नाव तिचे, असे त्यांचे म्हणणे.

जावईबापूंनी ते मान्य केले नाही. ऑस्ट्रेलियाची एबीसी १ जुलै १९३२ रोजी सुरू झाली. त्या वेळी अमेरिकेत त्या नावाची कंपनीच नव्हती. एनबीसीची ‘रेड’ आणि ‘ब्लू’ अशी दोन नभोवाणी जाळी होती, सरकारी नियामकांच्या दडपणामुळे त्यांतले ‘ब्लू’ विकावे लागले, ते १९४३ साली गोळ्या-पेपरमिंट बनवणाऱ्या एका कारखानदाराने ८० लाख डॉलरना घेतले आणि त्यातून पुढे अमेरिकन एबीसी उभी राहिली. ‘म्हणजे आमची एबीसी थोरली,’ असे ते म्हणाले आणि नानांनी जावयाकडे कौतुकाने पाहिले.

‘थोरलेपणावर हक्क ठरत असेल, तर अप्पा बळवंत मेहेंदळे पेशवाईतले,’ असे मी म्हटले. वकीलसाहेबांनी ते अर्थातच ग्राह्य धरले नाही, कारण अप्पा बळवंतांनी स्वतःला कधी एबीसी म्हणवून घेतल्याचा पुरावा नाही.

मात्र त्याच ओघात त्यांनी जी हकिकत सांगितली, ती त्यांच्याच मुद्द्याला छेद देणारी निघाली. १९५५ साली ब्रिटनमध्ये खासगी दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा लंडनमध्ये शनिवार-रविवारचे कार्यक्रम देणारी कंपनी असोसिएटेड ब्रॉडकास्टिंग कंपनी, अर्थात एबीसी, या नावाने पडद्यावर आली. तिथे असोसिएटेड ब्रिटिश सिनेमाज ही चित्रपटगृहांची साखळी आधीपासून एबीसी म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या मालकांनी हरकत घेतली आणि वाहिनीला काही आठवड्यांतच नाव बदलून एटीव्ही व्हावे लागले. पुढल्या वर्षी त्याच चित्रपटगृहवाल्यांनी स्वतःची दूरचित्रवाणी कंपनी काढली आणि तिला एबीसी हेच नाव दिले! एवढे रामायण घडत असताना अमेरिकेतली एबीसी आपल्या जागी सुखाने चालू होती आणि जपानमध्ये ओसाकाची असाही प्रसारणसंस्थाही १९५१ पासून एबीसी हीच अक्षरे मिरवत होती. त्यांपैकी कोणाचे कोणावाचून अडले नाही, कारण एकाचा मनोरा दुसऱ्याच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नव्हता. भांडण लागले ते एकाच शहरात दोघे आले तेव्हा.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. इंग्रजी आद्याक्षरे तीन दिसली, तरी प्रसारणाच्या धंद्यात निवड बहुधा एकाच अक्षराची असते; ब्रॉडकास्टिंगचा बी आणि कंपनी, कॉर्पोरेशन किंवा कमिशनचा सी आधीच ठरलेला. ऑस्ट्रेलियाच्या एबीसीचे कमिशन १९८३ साली कॉर्पोरेशन झाले आणि बीबीसीची कंपनी १९२७ सालीच कॉर्पोरेशन झाली, तरी पाटीवरचे अक्षर हलले नाही, एवढा तो सी सोशीक आहे. राहिली पहिल्या जागेसाठी सव्वीस अक्षरे आणि ती सगळ्या जगाने वाटून घ्यायची. म्हणूनच एमबीसी दक्षिण कोरियातही आहे, अरबी वाहिन्यांच्या समूहाचीही आहे आणि मॉरिशसचीही. त्यांपैकी शेवटचीवर मराठी कार्यक्रमही होतात, त्यामुळे मी तिच्याकडे जरा झुकतो. आपल्याकडे केबीसी म्हटले की अमिताभ बच्चन यांचा आवाज ऐकू येतो, केनियात मात्र ती राष्ट्रीय प्रसारणसंस्था आहे.

एवढ्यात तो मुलगा आलाच. वाटेतल्या दुकानातून घेतलेले जुने व्याकरण त्याने नानांच्या हातात ठेवले. छापखान्यात आयुष्यभर मुद्रिते तपासलेल्या नानांनी सवयीने प्रथम मलपृष्ठ उघडले आणि आतला जांभळा शिक्का चष्मा कपाळावर सारून, पुस्तक नाकाशी धरून वाचला: ‘अ. ब. चौक, पुणे २’. ‘पाहिलेत?’ ते म्हणाले. ‘दुकानदाराने मराठीत छोटे करताना चौक शाबूत ठेवला. तुमच्या एबीसीतला सी हा चौकाचे इंग्रजी स्पेलिंग करून मग कापलेला आहे.’ मराठीत मसाप, मटा अशी नावे छोटी होतात तेव्हा अक्षराबरोबर त्याचा कानाही येतो आणि शब्द थोडाफार ओळखू येतो. इंग्रजी अक्षर मात्र मागचे काहीच सांगत नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटला. ‘मग अबचौ म्हणायचे का?’ असे त्या मुलाने विचारल्यावर नाना काही बोलले नाहीत.

वकीलसाहेबांनी अमेरिकेचा दावा काही मागे घेतला नाही. जगभर पाहिली जाणारी वाहिनी आणि गल्लीतला चौक यांची तुलनाच होत नाही, असे म्हणत ते उठले. जावईबापूंना मात्र त्या चौकाची उत्सुकता लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोथरूडला रिक्षा थांबवली आणि मुद्दाम, मनाशी काहीशी परीक्षा घेत, नुसते ‘एबीसी’ एवढेच म्हटले. रिक्षावाल्याने मीटर टाकत विचारले, ‘जोगेश्वरीच्या बाजूला सोडू, का शनिवारवाड्याच्या?’