५६ एपीओ आणि आप्पांचं न मिळालेलं मेडल

२६ जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदनाला माजी सैनिकांनी मेडल लावून यावं असा निरोप होता. आमचे आप्पा निळा कोट घालून गेले. कोटावर पाच मेडलं. शेजारी उभ्या असलेल्या, नुकत्याच पेन्शनवर आलेल्या एका पोरानं ती निरखून बघितली आणि विचारलं, "आप्पा, तुमी सियाचीन केलंय न्हवं? मग त्याचं मेडल कुटं हाय?"

"मिळालं न्हाई."

"मग घ्यायचं की इकत. छावणीच्या बाजारात मिळतंय. दुकानदार रिबिनीसकट बार करून देतोय."

हे खरंच आहे. सरकारी मेडल हातात पडायला कधीकधी इतकी वर्षं जातात की पुष्कळ जवान बाजारातूनच घेऊन लावतात. आप्पांच्या पाचातलीही दोन बाजारचीच आहेत. फरक एवढाच की त्या दोन्हींची नोंद त्यांच्या डिस्चार्ज बुकात आहे. सियाचीनची नाही.

"कागदावर न्हाई ते छातीवर लावायचं न्हाई," एवढं बोलून आप्पा जिलेबीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी मात्र घरी आल्यावर ट्रंक उघडली. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत जे बघितलं ते लिहिते आहे. पोस्ट लांबेल, आधीच सांगते.

आप्पा पलटणीत लांगरी होते. लांगरी म्हणजे लंगरात स्वयंपाक करणारा. १९७८ ला भरती, २००२ ला हवालदार म्हणून घरी. पलटणीचं आणि रेकॉर्ड ऑफिसचं नाव इथं लिहिणार नाही. आप्पांची तशी सक्त ताकीद आहे, पलटण अजून त्यांचं माहेर आहे. १९९५ च्या हिवाळ्यात दुसरी एक पलटण सियाचीन ग्लेशियरवर चढणार होती, तिला माणसं कमी पडत होती, म्हणून आप्पांसह आठ जणांना तिकडं अटॅच केलं, म्हणजे तात्पुरतं जोडून दिलं. त्यांची स्वतःची पलटण तेव्हा पंजाबात पीसला, म्हणजे शांततेच्या ठाण्यावर होती.

ग्लेशियरच्या गोष्टी आप्पा फार सांगत नाहीत. सांगतात त्या स्वयंपाकाच्या. बटाटा तिथं दगड होतो, तो चिरत नाहीत, फोडतात. अंडं फोडायच्या आधी स्टोव्हजवळ शेकत ठेवायचं. पाणी म्हणजे बर्फ वितळवायचा, तोही रॉकेलवर, आणि त्या काजळीनं चहाच काय, माणसाची थुंकीसुद्धा काळी. डाळ शिजता शिजत नाही. आमच्या घरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की आप्पा आतून आजही ओरडतात, "अजून दोन होऊ दे." आई म्हणते, "हितं काय बर्फ पडलाय व्हय?"

त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. हिमदंशानं गेली. बूट ओला राहिला होता, एवढंच ते सांगतात.

आता डिस्चार्ज बुक काय म्हणतं? त्या काळात हा माणूस पंजाबातल्या आपल्या पलटणीतच होता. म्हणजे कागदावर विश्वास ठेवायचा तर आप्पांची बोटं पंजाबातल्या थंडीनं झडली.

हे होतं कसं, ते मला आधी कळत नव्हतं. फौजेत जवानाच्या आयुष्यात जे जे घडतं, म्हणजे रजा, लग्न, मूल, बदली, कोर्स, मेडल, त्याची पलटण 'पार्ट टू ऑर्डर' काढते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या मूळ कागदावर, नोंद चढते. ऑर्डर निघाली तर घटना घडली. नाही निघाली तर नाही घडली. अटॅच झालेल्या माणसाचं दुखणं असं की ज्यांच्याबरोबर तो राहतो ती पलटण त्याची नाही, आणि जी त्याची आहे तिनं त्याला बघितलेलं नाही. ग्लेशियरवाल्यांना वाटलं, पंजाबवाले काढतील. पंजाबवाल्यांना वाटलं, ग्लेशियरवाले कळवतील. मुद्दाम कुणी काही केलं असं मी म्हणत नाही. दोन कारकुनांच्या मधे आठ माणसं सांडली, एवढंच.

पहिला अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला. चार महिन्यांनी उत्तर आलं: शीट रोलवर अशी नोंद नाही, सबब पलटणीकडून पार्ट टू ऑर्डर काढून आणावी. पलटणीला लिहिलं. पलटणीचं उत्तर: त्या काळातलं दफ्तर मुदत संपल्यामुळं बोर्ड बसवून नष्ट केलं आहे, सबब रेकॉर्ड ऑफिसशी संपर्क साधावा. दोन्ही पत्रं अगदी सभ्य आहेत. दोन्हींच्या शेवटी आप्पांच्या सेवेबद्दल आदर व्यक्त केलेला आहे.

मग पुरावा द्या म्हणाले. मला वाटलं, पुरावा तर ट्रंकभर आहे! आईनं आप्पांची सगळी पत्रं जपून ठेवली होती. ती निळी इनलँड पत्रं घेऊन मी रात्रभर बसले. "तुझी तब्येत कशी आहे, म्हस व्याली का, पोरीला शाळेत घातलं का, इकडं सर्व खुशाल." आणि पत्ता? मार्फत ५६ एपीओ.

ज्यांच्या घरात कुणी फौजेत नाही त्यांच्यासाठी सांगते. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ५६ एपीओ हे कुठलं गाव नाही. जवान नेमका कुठं आहे हे पत्रावरून कळू नये म्हणूनच हा पत्ता असतो. पंजाबातून लिहिलं तरी ५६ एपीओ, ग्लेशियरवरून लिहिलं तरी ५६ एपीओ. आप्पांनी नियम पाळून एकाही पत्रात जागेचं नाव लिहिलं नव्हतं. फौजेनं सांगितलं गप्प राहा, ते गप्प राहिले. आता तीच फौज विचारते, तुम्ही तिथं होता कशावरून?

माझा मुद्दा एवढाच आहे. ज्यानं माणसाला पाठवलं, त्यानं पाठवल्याचा हिशेब ठेवायचा. गेलेल्यानं नाही.

यावर एक जण मला म्हणाला, "ताई, असं कुणीही उठून सांगेल, मी सियाचीनला होतो." बरोबर आहे. बाजारात मेडल मिळतं म्हटल्यावर खोटे लोकही असणारच, आणि नुसत्या शब्दावर मेडल वाटावीत असं माझं म्हणणं नाही. तपासा ना. जरूर तपासा. पण तपासायची कागदं कुणाच्या कपाटात आहेत? सातारा जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या लांगऱ्याच्या, की सरकारच्या?

मी एका पतसंस्थेत कामाला आहे. एक नोंद हरवली म्हणजे सगळ्या नोंदी हरवल्या असं आमच्यात कधी नसतं. माणूस विसरतो, रजिस्टर फाटतं, पण पैसा जिथून जातो तिथं खूण सोडतोच. म्हणून मी पत्रं बाजूला ठेवली आणि आप्पांच्या पगाराच्या स्लिपा शोधायला लागले. त्या काळी जवानाला दर तिमाहीला पे अकाउंट्स ऑफिसकडून हिशेबाचा कागद यायचा. आप्पांनी त्या तारेत ओवून ठेवल्या होत्या, आणि आईनं त्या तारेसकट धान्याच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या होत्या. त्यात त्या हिवाळ्याची स्लिप सापडली. कडेला कसरीनं खाल्लेली, पण मधला रकाना शाबूत. ग्लेशियरचा भत्ता! एका तिमाहीत सुरू, पुढच्या तिमाहीत बंद.

म्हणजे फौजेच्या एका ऑफिसला माहीत होतं की हा माणूस ग्लेशियरवर आहे, आणि त्याप्रमाणं पैसेही दिले. दुसऱ्या ऑफिसच्या लेखी तो पंजाबात होता. दोन्ही कागदांवर आर्मी नंबर एकच.

या नंबरवरून आठवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये सियाचीनवर एका जुन्या बंकरमध्ये एका जवानाचा देह सापडला. १९ कुमाऊँचे लान्सनायक चंद्रशेखर हरबोला. ऑपरेशन मेघदूत १३ एप्रिल १९८४ ला सुरू झालं आणि २९ मे ला त्यांची तुकडी हिमस्खलनात सापडली. ३८ वर्षांनी देह मिळाला तेव्हा ओळख पटली ती धातूच्या बिल्ल्यावरच्या नंबरावरून. हल्द्वानीला घरच्यांनी अंत्यसंस्कार केले. ती बातमी आप्पांनी पेपरात तीनदा वाचली. बर्फानं ३८ वर्षं नंबर सांभाळला. कागदाला एक हिवाळा सांभाळता आला नाही.

"एका मेडलसाठी एवढं कशाला?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, ऑफिसात विचारला, खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला. मेडलला पैसे नाहीत. पण पोस्टिंगच्या नोंदीला आहेत. अपंगत्वाची पेन्शन मिळते ती इजा सेवेमुळं झाली असेल तर. माणूस पीसला होता असं कागद म्हणत असेल, तर गुडघा, कान, बीपी, गेलेली बोटं, सगळंच मग "घरगुती" ठरू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात यावर स्वच्छ सांगितलंय: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर नंतरचा आजार सेवेमुळंच झाला असं धरून चालायचं आणि तसं नसेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर, जवानावर नाही. आजाराला जो न्याय, तोच तैनातीला का नको? भरती करून घेताना आप्पांची दहा बोटं मोजून घेतली होती. दोन कमी करून परत पाठवली, तर ती कुठं गेली हे सांगायचं काम कुणाचं?

अमेरिकेचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटलं. तिथं सेंट लुईसजवळच्या लष्करी नोंदींच्या इमारतीला १२ जुलै १९७३ ला आग लागली आणि एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात होत्या. तेव्हापासून तिथलं खातं पगाराच्या नोंदी, दवाखान्याच्या नोंदी, तुकड्यांची रोजची हजेरी अशा दुसऱ्या कागदांवरून माणसाची सेवा पुन्हा जुळवून देतं. नोंद दुरुस्त करायला वेगळी मंडळंही आहेत. तिथंही लोक वैतागतात, चकरा मारतात, ते सगळं आहेच. पण जळालेल्या कागदासाठी जर हे करता येतं, तर आपल्याकडं एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पगाराची नोंद मागवणं इतकं अवघड का असावं? आमचं तर काही जळलेलंही नव्हतं.

उलट आपल्याकडं घड्याळ जवानाच्या विरुद्ध चालतं. जो पेन्शनीपर्यंत पोचला नाही, अशा जवानाची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायची असा नियम आहे. आप्पा पेन्शनर आहेत म्हणून त्यांचा शीट रोल निदान जागेवर होता. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहितीच्या अधिकारात त्याची आणि दवाखान्याच्या कागदांची प्रत मागितली. लेहच्या लष्करी दवाखान्यातला एक कागद निघाला. त्यावर इंग्रजीत हिमदंश, डावा पाय, आणि ज्या पलटणीला अटॅच होते तिचं नाव. म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या स्वतःच्याच फायलीत पुरावा पडून होता, तीस वर्षं. त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

(आईच्या नावाची कथा वेगळीच. लग्नात नाव बदललं, आप्पांच्या कागदांवर माहेरचं, आधारवर सासरचं. पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर गेली तेव्हा हे उघडं पडलं. ज्यांच्या घरी असं आहे त्यांनी वडील हयात असतानाच जुळवून घ्या. पुढं फॅमिली पेन्शनच्या वेळी त्या बाईनं आपण आपणच आहोत हे कुणाला पटवायचं?)

स्लिप, दवाखान्याचा कागद आणि दोन सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं जोडून पुन्हा अर्ज केला. त्यात लिहिलं की उत्तर नकाराचं असेल तर कारणासह लेखी द्यावं, म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडं जाता येईल. हे वाक्य एका निवृत्त सुभेदार काकांनी सांगितलं होतं. वाक्याचा गुण म्हणा, स्लिपेचा म्हणा, अकरा आठवड्यांनी पत्र आलं. पार्ट टू ऑर्डर निघाली. तैनातीची नोंद चढली. मेडलबाबत "स्वतंत्रपणे कळविण्यात येईल".

आप्पांनी पत्र चष्मा लावून वाचलं, घडी घातली, आणि पहिला फोन कुणाला केला असेल? गढवालमधल्या त्या सोबत्याला, ज्यानं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. ओसरीवर उभं राहून मोठ्यानं हिंदीत बोलत होते. मधेच थांबले. मग मला हाक मारली, "अगं, याचंबी चढलेलं न्हाई. तुझा नंबर देतो, लिहून दे याला."

आठातले दोघे वारले. त्यांच्या बायकांचे पत्ते शोधतोय. आतापर्यंत तिघांचे अर्ज गेलेत, प्रत्येकाबरोबर आप्पांच्या ऑर्डरची प्रत जोडते, तिचा नंबर आता मला तोंडपाठ आहे. काल पाचव्याच्या मुलाचा फोन आला होता. पगाराच्या स्लिपा घरात नाहीत म्हणाला, घर बांधताना गेल्या. पण पत्रं आहेत, पिशवीभर, सगळी ५६ एपीओची.