‘ग्रीस ते ग्रीस’ म्हणे! मग ड्राइव्ह उतरवायला मला का बोलावता?

बोटवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. मथळा ‘मरीन ग्रीसची लूट’. मजकूर थोडक्यात असा: ग्रीस ते ग्रीस. डब्यावर नंबर 2 असला की झालं. निळं ग्रीस म्हणजे वॉटरप्रूफ. सगळ्यात दमदार ते काळं ग्रॅफाइटवालं, स्टर्नड्राइव्हला (बोटीच्या मागे बाहेर लटकणारा, प्रोपेलर फिरवणारा भाग) सगळीकडे तेच लावा. बाहेर येईपर्यंत पंप मारत राहा, मग दरवर्षी ड्राइव्ह उतरवायची गरज नाही.

आजवर मी हा मेसेज न वाचताच उडवत होतो. परवा मेहुण्याने पाठवला, खाली त्याची ओळ : “भावजी, मी असंच केलंय, दोन महिने झाले.” बोट तेव्हापासून खाऱ्या पाण्यातच उभी. आता गप्प बसवत नाही.

ग्रॅफाइटपासूनच सुरू करतो, कारण खरं नुकसान तिथे आहे. स्टर्नड्राइव्हचं कवच ॲल्युमिनियमचं. समुद्राच्या पाण्यातली धातूंची गॅल्व्हनिक सारणी कुठल्याही गंजशास्त्राच्या पुस्तकात सापडते. तिच्यात ग्रॅफाइट एका टोकाला, साधारण +0.2 ते +0.3 व्होल्टवर, आणि ॲल्युमिनियमची मिश्रणं जवळजवळ दुसऱ्या टोकाला, –0.76 ते –1.0 व्होल्टवर. म्हणजे दोघांत सुमारे एक व्होल्टचं अंतर. मध्ये खारं पाणी आलं की झाली बॅटरी तयार, आणि तिच्यात झिजणार ते ॲल्युमिनियम. ग्रॅफाइटला काही होत नाही, म्हणून ग्रीस काळंभोर, अगदी नवं दिसतं.

मेहुण्याच्या ड्राइव्हला वर-खाली करणाऱ्या ट्रिम सिलिंडरच्या पिना बघितल्या. काळ्या ग्रीसच्या कडेला चुन्यासारखी पांढरी भुकटी. नखाने खरवडली तर खाली मोहरीएवढे खड्डे. पिना स्टेनलेसच्या, त्यामुळे थोडा त्रास त्यांचाही असतो, मान्य. पण तो आवरायलाच तर अॅनोड (स्वतः झिजून बाकीचं वाचवणारे धातूचे तुकडे) लावलेले असतात. तुम्ही वर ग्रॅफाइटचा लेप चढवलात तर ते बिचारे किती पुरणार? पिना-बोल्ट जाम होऊ नयेत म्हणून लावतात त्या तांब्याच्या लेपाचंही, अँटीसीझचंही, तेच. तांबंही ॲल्युमिनियमच्या विरुद्ध बाजूलाच बसतं.

आता ‘बाहेर येईपर्यंत पंप मारा’. कुठून बाहेर येणार? गिंबल बेअरिंग म्हणजे इंजिनाकडून ड्राइव्हला जाणारा दांडा पेलणारं बेअरिंग. त्याचं जास्तीचं ग्रीस बेलोजच्या, म्हणजे दांड्याभोवतीच्या घडीदार रबरी नळीच्या, आत जाऊन साठतं. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून माणूस आणखी पंप मारतो. काही बेअरिंग तर सीलबंदच येतात, त्यांना ग्रीस द्यायचंच नसतं. आणि ड्राइव्ह उतरवायची ती निव्वळ ग्रीस भरायला नव्हे हो! बेलोजला चीर गेली आहे का, यू-जॉइंटचा, म्हणजे दांड्याच्या वाकत्या सांध्याचा, क्रॉस अडकतोय का, बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखरतंय का, इंजिनची अलाइनमेंट सरकली आहे का, हे बघायला उतरवायची. अलाइनमेंट बिघडली असेल तर कपलरच्या (इंजिन आणि दांडा जोडणाऱ्या भागाच्या) स्प्लाइन, म्हणजे दातेरी खाचा, कितीही ग्रीसमध्ये बुडवा, खाल्ल्या जाणारच. आणि फाटलेल्या बेलोजमधून पाणी थेट बोटीत येऊ शकतं. ते ग्रीसने थांबत नाही.

नंबर 2 हा फक्त घट्टपणा. 25 अंश सेल्सिअसला, ग्रीस ठरावीक घोटल्यावर, चाचणीचा शंकू त्यात 26.5 ते 29.5 मिलिमीटर रुतला की नंबर 2. त्यात पाण्याचा, गंजाचा संबंधच नाही. निळा रंग तर रंगच. कारखान्यात टाकतात.

मेसेजात नसलेली एक गोष्ट : जुनं ग्रीस न पुसता नवं भरू नका. लिथियम आणि पॉलियुरिया या दोन जातींच्या ग्रीसचं अनेकदा जमत नाही. मिसळलं की पातळ होऊन वाहून जातं, नाहीतर घट्ट होऊन बसतं.

आता नाइलाजाने एक कबुली. ‘मरीन’ या शब्दाला स्वतःचं असं वजन नाही, हे मेसेजवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. चांगलं कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस गाडीच्या नावाने विकलं जात असलं तरी स्टिअरिंगच्या पिनांना उत्तम चालतं. बघायचंच असेल तर एनएलजीआय या ग्रीसची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एचपीएम प्रमाणपत्र बघा. सोबत डब्ल्यूआर असेल तर पाण्याची चाचणी झालेली, सीआर असेल तर खाऱ्या पाण्यातल्या गंजाची. पण म्हणून ‘सगळीकडे एकच’? स्टर्नड्राइव्ह बनवणाऱ्या मर्क्रूझरचं मॅन्युअल उघडा. कपलरच्या स्प्लाइनना वेगळं ग्रीस, यू-जॉइंट आणि गिंबल बेअरिंगला वेगळं, प्रोपेलर शाफ्टला आणखी वेगळं. स्प्लाइन घासतात, बेअरिंग फिरतं, शाफ्ट पाण्यात उभा राहतो. कामं वेगळी म्हणून ग्रीस वेगळं.

मेहुण्याची बोट आता पाण्याबाहेर आहे. चारपैकी तीन पिना निघाल्या. चौथीला कालपासून तेल पाजतोय, हललेली नाही.