‘शुगर रक्तातच आहे, मग पथ्य कशाला?’

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने एक मजकूर टाकला. बऱ्याच जणांकडे तो आलेला आहे. त्यात म्हटलंय: आई-वडिलांना शुगर असेल तर मुलांना होणारच, तेव्हा मन मारू नका. ती एक पिढी सोडून येते. सडपातळ माणसाला भीती नाही. त्रास नसेल तर तपासणी नको. आमच्या आईला टाइप टू मधुमेह आहे, त्यामुळे मला गप्प बसवेना.

‘होणारच’ हे खोटं आहे. एका पालकाला मधुमेह असेल तर मुलांना आयुष्यभरातला धोका साधारण 40 टक्के, दोघांना असेल तर 70 टक्क्यांच्या आसपास धरतात. धोका मोठा आहे, पण अटळ नाही. शिवाय घरातून नुसती जनुकं येत नाहीत. चहासोबतची खारी आणि जेवून लगेच आडवं होणंही तिथूनच येतं. पथ्याचा उपयोग किती? चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने साखर आधीच वाढलेल्या, पण मधुमेह न झालेल्या 531 जणांचा अभ्यास केला. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालण्यासाठी ज्यांचा सतत पाठपुरावा केला, त्यांच्यात 39 टक्क्यांना. म्हणजे शंभरातली सोळा माणसं वाचली. याला मी थोडं म्हणणार नाही.

पिढी सोडून वगैरे काही नसतं. आई-वडीलच काय, सख्ख्या भावंडाला असला तरी आपला धोका वाढतो.

सडपातळपणाचं उत्तर तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी.

आणि त्रासाची वाट बघायची? साखर वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहते. घरात मधुमेह असेल तर तिशीतच तपासणी सुरू करावी.

दादा शिडशिडीत, चौतीस वर्षांचा. माझ्या हट्टापायी त्याने रक्त तपासलं, तर उपाशीपोटी साखर 112. शंभरच्या आत हवी. 126 पासून मधुमेह.

दादा, उद्या सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी थांबते. ये.