इंजिन बदललं म्हणून पीयूसी फेल? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

महिनाभरात एकच मेसेज सोलापुरातल्या चार-पाच ग्रुपवरून माझ्याकडे आला. शेवटी मेहुण्यानेही पाठवला आणि विचारलं, "दाजी, हे खरं आहे का?" मजकूर थोडक्यात असा: इंजिन बदललेली गाडी पीयूसीला पास होऊच शकत नाही, कारण भंगारातून आणलेलं इंजिन थकलेलंच असतं. त्यात सोलापूरचं ऊन आणि इथेनॉलचं पेट्रोल. म्हणून टाकीत अर्धा लिटर थिनर ओता, सायलेन्सरमधली जाळी काढा, तरीही जमलं नाही तर ओळखीच्या सेंटरवरून कागद करून घ्या.

मी गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनरचं काम करतो. असल्या मेसेजवर विश्वास ठेवून लोकांनी धडधाकट इंजिनं परत खाली उतरवलेली मी पाहिली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"इंजिन थकलेलं असतं म्हणून फेल होते." थकलेलं इंजिन लपून राहत नाही. तेल खातं, निळा धूर सोडतं, आणि काँप्रेशन गेज लावलं की अर्ध्या तासात खरं-खोटं कळतं. अशा इंजिनाचा एचसी, म्हणजे न जळलेल्या इंधनाचा आकडा चढतो. पण माझ्याकडे येणाऱ्या इंजिन बदललेल्या गाड्यांपैकी बहुतेक सीओवर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्यावर अडकलेल्या असतात. सीओ चढला याचा अर्थ हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे पिस्टनच्या रिंगा ठरवत नाहीत, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो सेन्सर सांगतील त्यावर विसंबून असतो.

म्हणून फेल झालात तर आधी आकडे मागून घ्या. भारत स्टेज ४ (बीएस ४) आणि त्यापुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे एक्सलेटर न दाबता नुसतं इंजिन चालू असताना, सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम ही मर्यादा आहे. २५०० आरपीएमच्या आसपास सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण (एक म्हणजे अगदी बरोबर), ०.९७ ते १.०३. स्टेज २ आणि ३ च्या गाड्यांना सीओ ०.५ आणि एचसी ७५०. गाडी ज्या स्टेजची म्हणून नोंदलेली आहे त्याचीच मर्यादा लागते. स्टेज ४ च्या गाडीत स्टेज ३ चं इंजिन टाकलं म्हणून सवलत मिळत नाही. सीओ जास्त आणि लॅम्डा एकच्या खाली असेल तर मिक्श्चर रिच आहे, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे. सीओ कमी पण एचसी जास्त असेल तर एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय. प्लग, कॉईल, व्हॅक्यूमचा सुटलेला पाईप, तिकडे बघा.

इंजिन बदलताना काय काय मागे राहतं ते सांगतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी बऱ्याचदा लावायचीच राहते, किंवा रंगावर कसली जाते. गाडी चालू होते, पण सेन्सरचं व्होल्टेज हलतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाईपाचं पॅकिंग जुनंच वापरलं जातं. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी तिथून हवा आत ओढली गेली की सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीएमला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो अजून सोडतो. पॅकिंगच्या कडेला काळी काजळी दिसते आणि सकाळी गार इंजिनावर टकटक आवाज येतो. ईसीएम जुना ठेवून इंजेक्टर नव्या इंजिनाचे राहिले आणि ते मोठ्या मापाचे असले, तरीही हाच प्रकार. ईसीएम सांभाळून घेतो, पण एका मर्यादेपर्यंतच.

"सोलापूरच्या उन्हामुळे फेल होते." उन्हाचा खरा संबंध वेगळाच आहे. मोहोळकडच्या एका गुरुजींची स्टेज ४ ची गाडी माझ्याकडे आली. इंजिन त्याच मॉडेलचं होतं. दोनदा फेल, सीओ १.४. प्लग बदलून झाले होते, इंजेक्टर धुऊन झाले होते, आणि आता इंजिन परत उतरवायचं ठरलं होतं. गुरुजींनी पगारातून हप्ते बाजूला काढून ते इंजिन घेतलं होतं. मी स्कॅनर लावला आणि जुन्या पुणे नाक्यावरून हायवेला गाडी काढली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, कुलंटचं तापमान ५८ च्या पुढे सरकेना. परत आल्यावर गाडी पूर्ण गार होऊ दिली, पुन्हा चालू केली आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. दोन मिनिटांत होज कोमट. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, बंद असताना तो होज गार राहायला हवा. हाउसिंग खोललं तर आत व्हॉल्व्हच नाही. फिटरला फोन केला. तो म्हणाला, "उन्हाळ्यात गरम होते ना, म्हणून काढून टाकला. सगळ्यांच्याच काढतो."

हा व्हॉल्व्ह साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तो नसला तर पाणी सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन पुरेसं तापत नाही, ईसीएमला वाटतं गाडी अजून गारच आहे, आणि तो पेट्रोल वाढवून देत राहतो. शिवाय बऱ्याच इंजिनांत हाच व्हॉल्व्ह बायपासची वाट बंद करतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतं आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उलट जास्त तापू शकते. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर उघडून बघा. बोअरचं क्षाराचं पाणी भरून भरून तो आतून दगडासारखा झालेला असतो. नाहीतर फॅनचा रिले गेलेला असतो. गुरुजींच्या गाडीला नवीन व्हॉल्व्ह आणि नीट कुलंट टाकलं. तापमान ८८ वर स्थिर झालं, ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये खाली-वर व्हायला लागलं, आणि त्याच दुपारी गाडी पास झाली. इंजिनाला हातही लावला नाही.

"इथेनॉलमुळे फेल होते." इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिक्श्चर लीनकडे, म्हणजे कमी पेट्रोलकडे झुकतं आणि सीओ वाढण्याऐवजी कमी होण्याकडे कल असतो. जुन्या गाडीतल्या रबरी पाईपांची काळजी जरूर करा, पण चढलेल्या सीओचं खापर आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या इथेनॉलवर फोडू नका.

"थिनर ओता." नका ओतू. पाईप, सील, पंप, सगळ्यांचं नुकसान, आणि मूळ बिघाड तिथेच राहतो.

"जाळी काढा." ती जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असलेला मधाच्या पोळ्यासारखा ठोकळा. धडधाकट इंजिनातून निघणारा सीओसुद्धा ०.३ टक्क्यांच्या वर असतो, तो खाली आणण्याचं काम हीच करते. जाळी काढलेली गाडी आयडलवर पास होणं जवळपास अशक्य. मात्र महिनोन्महिने रिच चाललेल्या गाडीची जाळी जळलेली असू शकते. तेव्हाही आधी मिक्श्चर दुरुस्त करा, मग नवीन कॅट टाका. उलट केलंत तर नवीनही जळेल. आणि कॅट अडीच-तीनशे अंशांच्या वर तापल्यावरच काम करते. घरापासून सेंटर दोन मिनिटांवर असेल तर होटगी रोडला एक चांगला फेरा मारून मगच आत जा.

"ओळखीच्या सेंटरवरून कागद घ्या." या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. वैध पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड आहे, ते एक झालं. पण २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा ठीक नसलेल्या शहरांच्या यादीत आपलं सोलापूर आहे. शाळा सुटताना सात रस्त्याला रिक्षात मागे बसलेली पोरं समोरच्या गाडीच्या सायलेन्सरच्या उंचीवर असतात. सीओला ना रंग ना वास. खोट्या कागदाने तो कमी होत नाही.

कागद करायचाच असेल तर आरटीओत जाऊन आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्या. त्यासाठी इंजिनाचं बिल लागतं, ते भंगारवाल्याकडून पहिल्याच दिवशी घ्या. आणि सेंटरवरची फेलची चिठ्ठी फेकू नका. इंजिन उतरवा म्हणणाऱ्या फिटरसमोर ती ठेवा आणि विचारा, यातला कुठला आकडा चढलाय आणि तो का चढला.