बकरी काढणाऱ्याचं नाव काय?

"सर, थे बकरी कुठी गेली?"

पहिलीतल्या पोरीने विचारलं, तेव्हा मी आजीच्या बाजाराची गोष्ट वाचून दाखवत होतो. आजी आठवडी बाजाराला निघते, वाटेत हा भेटतो, ती भेटते, एवढीच गोष्ट. मजकुरात बकरी औषधालाही नाही. मी म्हटलं, कोणती बकरी? पोरगी उठली, माझ्या हातातलं पुस्तक ओढून पानं मागे उलटवली आणि बोट ठेवलं. पहिल्या पानावर बकरी दाव्याला बांधलेली. दुसऱ्यावर तुटकं दावं गळ्यात घेऊन आजीच्या मागे. तिसऱ्यावर आजीच्या टोपल्यातली मेथी ओढून राहिलेली. चौथ्यावर नव्हती. आदल्या रात्री तयारी म्हणून मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं, आणि मला ती बकरी एकदाही दिसली नव्हती. चौथ्या पानावर पोरगी जरा थांबली, मग बांगडीवाल्याच्या ताडपत्रीखालून निघालेली दोन खुरं तिने दाखवली. "हे पाहा. लपून राहिली."

मग काय, सगळा वर्ग पुस्तकावर पडला. माझी गोष्ट तिथेच राहिली.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर. पोरांच्या घरची बोली कोलामी. ती मराठीची कुणीच लागत नाही, गोंडी-तेलुगूच्या गोतातली आहे. पहिलीतलं पोट्टं शाळेत येतं तेव्हा त्याच्या कानावर पडणारी माझी पुस्तकी मराठी म्हणजे निव्वळ आवाज. दिवाळीपर्यंत तरी त्याला पुस्तकातलं जे काही कळतं ते चित्रातून कळतं. म्हणजे या पोरांचा पहिला लेखक कोण, तर चित्रकार. ज्याचं नाव मुखपृष्ठावर आहे तो नंतर कधीतरी, तिसरीत वगैरे.

हे सगळं आज लिहायचं कारण, परवा एका संस्थेचं पत्र आलं. बालसाहित्य पुरस्काराला यंदाही परीक्षक व्हाल का? संस्थेचं नाव लिहीत नाही, माणसं भली आहेत. मागच्या वर्षी मी हो म्हटलं होतं. पंधरा दिवसांनी पोस्टाने जाडजूड पाकीट आलं. मला वाटलं पुस्तकं. उघडलं तर झेरॉक्स! पुस्तकांच्या प्रती परीक्षकांना पुरल्या नाहीत म्हणून मजकुराची पानं झेरॉक्स मारून पाठवली होती. चित्रांच्या जागी काळे ढग. एका पानावर चार शब्द होते, "आणि मग पाऊस आला", बाकी सगळं पान काळं. आता यातला पाऊस मी कसा तपासू?

सोबत गुणांचा तक्ता होता. आशय ३०, भाषा ३०, संस्कारमूल्य २०, नावीन्य १०, निर्मिती १०. आणि निर्मितीपुढे कंसात लिहिलेलं: कागद, बांधणी, मुद्रण, चित्रे. म्हणजे चित्राला फार तर अडीच गुण आले, तेही स्टेपलरच्या पिनांच्या शेजारी. मी फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "अहो सर, साहित्याचा पुरस्कार आहे, चित्रकलेचा नाही."

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही, एवढंच समाधान. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकाच्या लेखकाला न्यूबेरी पदक मिळायला लागलं १९२२ साली. चित्रांसाठीचं कॅल्डेकॉट पदक आलं १९३८ला. सोळा वर्षांनी. ब्रिटनमध्ये लेखनाचं कार्नेगी पदक १९३६चं, चित्रांचं केट ग्रीनअवे पदक १९५५चं. त्यातही पहिल्या वर्षी लायक पुस्तकच सापडलं नाही म्हणून ते कुणालाच दिलं नाही. बालसाहित्याचा आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार लेखकांना १९५६पासून, चित्रकारांना १९६६पासून. जिकडे पाहावं तिकडे लेखक पहिल्या पंगतीला आणि चित्रकार पत्रावळी उचलायच्या वेळेला.

पण पंगतीला बसवलं तरी. शिवाय कॅल्डेकॉटच्या नियमात चित्रपुस्तकाची व्याख्याच अशी केली आहे की जे मुलाला मुळात पाहण्याचा अनुभव देतं ते. त्यामुळे जवळजवळ एकही शब्द नसलेल्या पुस्तकांनाही ते पदक मिळालेलं आहे. आमच्या तक्त्यात असलं पुस्तक भाषेच्या ३० गुणांतच गारद झालं असतं.

एक गंमत सांगतो. रँडॉल्फ कॅल्डेकॉट आणि केट ग्रीनअवे दोघंही इंग्रज, दोघंही १८४६ साली जन्मलेले, दोघंही मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार. त्यातल्या ग्रीनअवेबाईंचं नाव अलीकडे पदकावरून गेलं. २०२२ साली त्याचं नाव बदलून चित्रांसाठीचं कार्नेगी पदक असं केलं. कार्नेगी म्हणजे ग्रंथालयांना पैसा देणारा पोलादवाला शेठ. चित्रकाराच्या बक्षिसावर चित्रकर्तीचं नाव होतं, तेही टिकलं नाही.

आपल्याकडे या. साहित्य अकादमीने २०१०पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला, रक्कम ५० हजार. तो लेखकाला. २०१४ साली मराठीसाठी तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला. २०१६ साली टाटा ट्रस्टच्या 'पराग' या बालसाहित्य उपक्रमाने बिग लिटल बुक अवॉर्ड सुरू केला. त्यात लेखक वेगळा आणि चित्रकार वेगळा, असे दोन सन्मान ठेवले. माझ्या मते हे फार शहाणपणाचं काम झालं. पहिल्याच वर्षी लेखनासाठी मराठी भाषा निवडली होती आणि सन्मान पुन्हा माधुरीताईंना मिळाला, चित्रांचा अतनू रॉय यांना. आता माधुरीताई आपल्या पुस्तकांची चित्रं स्वतःच काढतात. त्यांची पुस्तकं मी पोडावर वाचतो तेव्हा कुठे शब्द संपले आणि कुठे चित्र सुरू झालं ते मला सांगता येत नाही. बक्षीस देणाऱ्यांना मात्र कोणत्यातरी एकाच रकान्यात नाव लिहावं लागतं.

चांदोबा ज्यांनी वाचला त्यांनी एक काम करा. डोळे मिटा आणि विक्रम-वेताळ आठवा. उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. दिसलं ना? आता ते काढणाऱ्याचं नाव सांगा. मी चाळीशी ओलांडेपर्यंत मला माहीत नव्हतं. के. सी. शिवशंकरन, चित्राखाली सही 'शंकर'. २०२०मध्ये गेले आणि २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, मरणोत्तर. आमच्या घरी तर चांदोबा उघडला की गोष्टीच्या आधी ते चित्र पाहायचो आम्ही भावंडं, कोणी आधी पाहायचं यावरून मारामाऱ्या व्हायच्या.

म्हणून चित्राला हार घालायचा आणि मोकळं व्हायचं, असंही मी म्हणत नाही. शाळेच्या पेटीत एक चकचकीत पुस्तक आलं, शेतकऱ्याच्या घरची गोष्ट. मुखपृष्ठावर पुरस्काराचा सोनेरी गोल शिक्का. आत कापूस वेचणारी बाई काढली आहे, तिच्या पाठीला चहाच्या मळ्यातल्यासारखी टोपली! आमच्याकडे बाया कमरेला फडकं बांधतात आणि ओटीत कापूस वेचतात, हे पोडावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि बोंडं काढली होती पांढऱ्या गुलाबासारखी. दुसरीतला एक म्हणाला, "सर, हे बाई कापूस नाही वेचून राहिली, फुलं तोडून राहिली." दुसऱ्याने काही न बोलता बोटं पुढे केली. फुटलेल्या बोंडाचं वाळलेलं टोक नखाच्या कडेला टोचतं, तिथे बारीक काळे ठिपके पडतात. तसे पाच-सहा होते. त्याला म्हणायचं होतं की त्या चित्रातल्या बाईचे हात फार गोरेगोमटे आहेत. शिक्का देणाऱ्यांपैकी कुणी ते हात पाहिले असतील का?

याच्या उलट एक. नागपूरहून एका मित्राने तारा बुक्सचं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' आणून दिलं. काळ्या कागदावर हाताने छापलेली झाडं. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती या तीन गोंड चित्रकारांनी काढलेली. २००८ साली इटलीतल्या बोलोन्याच्या पुस्तक जत्रेत त्याला बोलोन्या रागाझी पुरस्कार मिळाला. मजकूर इंग्रजी, मी वाचलाच नाही. आमच्याकडे गोंडांची दोन पोरं आहेत. त्यातली एक बराच वेळ रेघा-ठिपक्यांवरून बोट फिरवत बसली आणि म्हणाली, "माह्या आजीच्या हातावर हेच गोंदलं हाये." बोलोन्याच्या परीक्षकांना काय दिसलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण आजीचा हात त्यांना दिसला नसणार.

तर यंदा आम्हीच पुरस्कार दिला. आठ पुस्तकं सतरंजीवर मांडली, प्रत्येकापुढे एक वाटी, प्रत्येक पोराच्या हातात एक सरकी. आवडलेल्या पुस्तकाच्या वाटीत टाकायची. मला खात्री होती, बकरी जिंकणार. जिंकलं चमकी लावलेलं परीचं पुस्तक, तेवीस सरक्यांपैकी अकरा घेऊन. मी तोंडावर पडलो. मुलांना सगळं कळतं म्हणणारा मीच.

मग आठही पुस्तकं महिनाभर कपाटाबाहेर ठेवली. फाटली तर फाटली, माझ्या पगारातून भरीन, असं मुख्याध्यापकांना सांगितलं. महिन्याने पुन्हा सरकी. परीची चमकी तोवर पोरांच्या बोटांना लागून निघून गेली होती. तिला तीन. बकरीला चौदा. तिच्या पानांचे कोपरे पार मऊ पडले होते आणि ताडपत्रीखालच्या त्या खुरांवर बोटांचा तेलकट डाग. पोरं एकमेकांना ती जागा दाखवून दाखवून थकली नव्हती. संस्थेला मी काल तेच कळवलं. परीक्षक व्हायला तयार आहे, पण तक्त्यात चित्रांना स्वतःचा रकाना हवा, झेरॉक्स नको, खरी पुस्तकं पाठवा आणि ती महिनाभर माझ्या वर्गात राहतील. कशी परत येतील याची हमी देत नाही. उत्तर अजून आलेलं नाही.

इकडे मानपत्र तयार आहे. चौथीच्या पोरांनी कार्डशीटवर लिहिलं, कडेने सरकी चिकटवली. नाव लिहायला पुस्तक उघडलं. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव. आतल्या पानावर प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, किंमत. चित्रकार कुठेच नाही. बालभारतीच्या पुस्तकात निदान आतल्या पानावर तरी चित्रकाराचं नाव असतं. प्रकाशकाला फोन लावला, ते म्हणाले, "जुनी आवृत्ती आहे, पाहावं लागेल." त्याला तीन आठवडे झाले.

पुस्तकाचं आणि प्रकाशनाचं नाव इथे टाकत नाही, उगाच कमेंटमध्ये भांडणं नकोत. पण तुमच्यापैकी कुणी चित्रकारांच्या ओळखीतलं असेल तर इनबॉक्समध्ये या, मी पानांचे फोटो पाठवतो. हात ओळखता आला तर सांगा. पोरं रोज विचारतात, आणि त्या पहिलीतल्या पोरीने तर तिच्यापुरतं उत्तर काढून टाकलं आहे. तिच्या मते ज्याने काढलं त्याच्या घरी बकरी असणारच, नाहीतर मेथी ओढताना मान अशी वाकडी होते हे त्याला कुठून कळलं असतं.