रिकॉल आला म्हणजे गाडी बोगस नसते रे

शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. एका मित्राच्या गाडीला फ्युएल पंपाचा रिकॉल आला, म्हणजे पार्टात दोष निघाला म्हणून कंपनीने गाडी परत बोलावली, आणि त्याला सल्ले काय मिळाले, तर जाऊ नको, एकदा कंपनीने गाडी खोलली की रिसेल गेली, दुसरा म्हणतो चालतीये ना मग कशाला हात लावायचा, तिसऱ्याने तर असली बोगस गाडी घेतलीसच का म्हणून त्यालाच झापलं. मी लिहिलं, अरे पार्ट फुकट बदलून देतायत, जा की उद्या सकाळी. तर उत्तर आलं, तुला ह्यूस्टनमध्ये बसून बोलायला काय जातंय.

हे वाक्य मला दरवेळी लागतं.

२०१६ला माझ्या इथल्या गाडीला टकाटा कंपनीच्या एअरबॅगच्या रिकॉलचं पत्र आलं. त्यात एअरबॅग फुगवायला अमोनियम नायट्रेट असतं, वर्षानुवर्षं उष्ण दमट हवेत ते खराब होतं आणि मग एअरबॅग उघडताना आतला धातूचा डबाच फुटतो, त्याचे तुकडे माणसाच्या गळ्यात घुसतात. अमेरिकेत २८ माणसं गेली यात. आणि इथली हवा म्हणजे बाराही महिने मुंबईचा मे. पार्ट यायला पाच महिने लागले, तोपर्यंत बायको मागच्या सीटवर बसायची, एचईबीला किराणा आणायला जातानासुद्धा. पण तेव्हा कुणी मला म्हटलं नाही की गाडी बोगस आहे. पत्र आलं, नंबर लावला, विषय संपला.

हां, जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचमधल्या दोषाचं मी ग्रुपवर लिहिलं नाही. कंपनीतल्या लोकांना दहा वर्षं माहीत होतं, २०१४ला बाहेर आलं, १२४ जीव गेले होते. ते लिहिलं असतं तर सगळे तुटून पडले असते.

पण मला राग याचा येतो की हे पुण्यात चालतं. ज्या टेकडीवर आपण दहावीच्या सुट्टीत पहाटे पळायला जायचो तिथली एआरएआय, गाड्या तपासणारी संस्था, १९६६ची, अमेरिकेचा वाहन सुरक्षा कायदासुद्धा १९६६चाच. अर्ध्या ग्रुपची पोटं चाकण-पिंपरीवर चालतात, आणि गाडी परत बोलावली की आपल्यालाच कमीपणा वाटतो! आपल्याकडे २०१२पासून कंपन्या आपणहून बोलवायच्या, २०१९च्या दुरुस्तीने सरकारला रिकॉल लावायचा अधिकार मिळाला, नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. ते फक्त सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना, इथे अमेरिकेत पंधरा वर्षांपर्यंत फुकट करून द्यावं लागतं. यावर भांडा ना. रिसेलवर काय भांडताय.

आता जे ग्रुपवर सांगितलं नाही ते सांगतो. बाबांची गाडी नवले पुलाच्या उतारावर बंद पडली होती. चौऱ्याहत्तर वय, मागून कंटेनर येतायत, आणि गाडी गपकन बंद. एका टेम्पोवाल्याने मागे टेम्पो आडवा लावून ट्रॅफिक थांबवला म्हणून ते वाचले. टो करून नेल्यावर सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, काका, हा पंप तर रिकॉलमधला आहे, वर्षापूर्वीच मेसेज गेलाय मालकाला.

मालक मी. २०१९च्या सुट्टीत मीच घेऊन दिली होती, माझ्या नावावर, आरसीला माझा इंडियाचा नंबर, आणि ते सिम रिचार्ज न केल्यामुळे कधीचंच बंद. इकडचं प्रत्येक पत्र उघडून बघणारा मी, तिकडचा मेसेज जातोय कुठे हे मला एकदाही सुचलं नाही. तो टेम्पो नसता तर काय झालं असतं, ते अजून रात्री डोक्यात येतं.

पंप बदलून झाला, एक रुपया लागला नाही. बाबा म्हणाले, गाडी माझ्या नावावर करून टाक, तू काही आता येऊन चालवणार नाहीस. बरोबरच आहे त्यांचं. पण पुण्यात माझ्या नावावर एमएच बाराची तेवढी एकच गोष्ट उरलीये. ट्रान्सफरचे फॉर्म महिनाभर टेबलावर पडून आहेत, मी अजून सही केलेली नाही.