टक्के कशाचे?

२०२१ च्या मार्चात सकाळी सकाळी पारोळ्याहून आतेबहिणीचा फोन. आवाज रडवेला. "भाऊ, आमनी पोर तठे शे ना! आते कसं व्हई?"

भाची कॅलिफोर्नियात. बहिणीने व्हॉट्सॲपवर वाचलेलं, अमेरिकेत आशियाई वंशाच्या लोकांवरचे हल्ले दीडशे टक्क्यांनी वाढले. त्याच महिन्यात अटलांटात एकाने गोळ्या घालून आठ जणांना मारलं, त्यातल्या सहा जणी आशियाई वंशाच्या. तिची भीती काही हवेतली नव्हती.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. टक्के दिसले की 'कशाचे?' विचारायची खोड. शोधलं तर अमेरिकेतल्या १६ मोठ्या शहरांच्या पोलीसनोंदींचा तो हिशेब होता. आशियाई लोकांविरुद्धचे द्वेषगुन्हे, म्हणजे वंशाच्या रागातून केलेले गुन्हे, २०१९ मध्ये ४९, २०२० मध्ये १२२. वाढ १४९ टक्के, गणित चोख. पण ४९ आणि १२२ हे दोन आकडे तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. पोचले असते तरी ती घाबरली असती. निदान किती घाबरायचं ते तिचं तिने ठरवलं असतं. (१२२ म्हणजे 'एवढुसंच' असं मी म्हणत नाहीये. कॉमेंटमध्ये तो वाद नको.)

पुढच्या वर्षाची गंमत याच्या उलट. एफबीआयने देशभरातले, फक्त आशियाईंवरचे नव्हे तर सगळ्या प्रकारचे २०२१ सालचे द्वेषगुन्हे जाहीर केले. ७,२६२ घटना, आदल्या वर्षीपेक्षा हजाराने कमी! कारण? नोंदी पाठवायची पद्धत बदललेली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसच्या पोलिसांचे आकडे त्यात आलेलेच नव्हते. राहिलेली माहिती नंतर जोडली, तर आकडा १०,८४०. द्वेष कमी झाला नव्हता, टपाल पोचलं नव्हतं.

आता आपल्या घरात या. 'दलितांवरील अत्याचारांत १३ टक्के वाढ' हे २०२२ च्या अहवालातलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात ५०,९०० वरून ५७,५८२. हाच विभाग आपल्या अहवालात बजावतो की गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं. पण मथळ्यात 'नोंदवलेले' हा शब्द मावत नाही. सगळ्यात आधी तोच गळतो. मग जे ठाणं इमानदारीने फिर्याद घेतं तो जिल्हा बदनाम, आणि 'मिटवून घ्या ना' म्हणून घरी पाठवणारा शांतताप्रिय. गाव सोडून किती जण ठाण्यापर्यंत जातात, हे खान्देशात राहणाऱ्याला मी काय सांगावं?

२०१८ आठवा. जूनमध्ये जामनेर तालुक्यातलं वाकडी. विहिरीत पोहले म्हणून मागासवर्गीय पोरांना नागवं करून मारलं. व्हिडिओ देशभर फिरला, ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. तक्त्यात एक आकडा पडला.

मग १ जुलै, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर आधीच फिरत होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं.

हे पाच कुठल्या रकान्यात? डवरी गोसावी आपल्याकडे भटक्या जमातींत. अनुसूचित जातीत नाहीत, जमातीतही नाहीत, म्हणून ॲट्रॉसिटीच्या तक्त्यात नाहीत. झुंडबळींचा वेगळा तक्ता नाही. त्यासाठी माहिती गोळा केली होती, पण ती विश्वासार्ह नाही म्हणून छापली नाही, असं सरकारने सांगितलं. म्हणजे ते गेले नुसत्या 'खून' या रकान्यात, भाऊबंदकीच्या आणि बांधावरच्या भांडणांतल्या खुनांबरोबर. परका वेश, परकी बोली, फिरस्ती जमात, ज्यामुळे ते मेले ते सगळं पुसून.

आणि त्या २०१८ चा तक्ता काय सांगतो? अनुसूचित जातींवरचे गुन्हे ४३,२०३ वरून ४२,७९३. घट!

जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत आता वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला वेगळं कलम आहे. ते लागू झालं १ जुलै २०२४ ला, राईनपाड्याला बरोब्बर सहा वर्षं झाली त्या दिवशी. योगायोगच, दुसरं काय. त्या कलमाचा स्वतंत्र रकाना कधी छापला, तर त्याच्या मागच्या साली कोरी जागा असेल. शून्याशी तुलना करून टक्के काढता येत नाहीत, हे मी आठवीच्या पोरांना शिकवायचो. मथळा करणारे तेव्हा काय करतात, ते बघायचंय मला.